पिकुआलचा कडवटपणा

दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतात टेकड्यांमागून टेकड्या ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या आहेत आणि त्यांतली बहुतेक झाडं एकाच जातीची आहेत, पिकुआलची. स्पेनमध्ये तेलासाठी सर्वांत जास्त लावली जाते ती हीच जात. तरीही तिच्या तेलाची ख्याती कैक वर्षं वाईट होती: कडू, घशाला झोंबणारं, कुबट वासाचं. मला वाटतं, या एका तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. कुबटपणा जातीचा नव्हता, काढणीचा होता. फळं पार जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत झाडावर राहत, गळून मातीत पडलेलीही त्यांतच मिसळत आणि गिरणीच्या आवारात ढिगानं पडून तापत, आंबत. त्याच झाडांची हिरवी फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडून काही तासांत गाळली, की तेलाला टोमॅटोच्या पानांचा, अंजिराच्या झाडाचा ताजा वास येतो. झाड तेच, माती तीच. बदलली फक्त वेळ आणि हाताळणी.

कडवटपणा मात्र पिकुआलचा स्वतःचा आहे, आणि तो लपवायचं काहीच कारण नाही. तो येतो पॉलिफेनॉल या द्रव्यांमुळे. घशाला झोंबणारं ओलिओकँथल त्यांतलंच. ते आयबुप्रोफेनसारखं दाहशामक काम करतं, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेलाच्या अधिकृत चव-परीक्षेतही कडूपणा आणि झोंबणं हे गुण म्हणूनच मोजले जातात. हीच द्रव्यं तेलाला हवेपासून जपतात. शिवाय पिकुआलच्या तेलात ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या आसपास आणि लवकर खराब होणारं लिनोलेइक आम्ल जेमतेम ५ टक्के असतं. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक ७५ टक्क्यांच्या घरात जातं. ते लवकर खवट का होतं, याचं उत्तर इथेच आहे. पिकुआल टिकतं, आणि तळणीची आचही सोसतं.

कुणी म्हणेल, लोकांना सौम्य तेल आवडतं. मग कॅटालोनियाची आर्बेकिना ही सौम्य तेलाची जात काय वाईट? वाईट मुळीच नाही, नाजूक पदार्थाला तीच शोभते. पण तिच्यात लिनोलेइक जास्त आणि पॉलिफेनॉल कमी, त्यामुळे ती तेवढी टिकत नाही. याहून वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे: हिरव्या फळातून तेल कमी निघतं, मग लवकर तोडायचं कशाला? हा तोटा खरा आहे, आणि नुसत्या उपदेशानं तो भरून निघत नाही. चांगल्या तेलाला वेगळा भाव मिळाला तरच लवकरची काढणी परवडते. पिकुआलचा खरा दोष शोधायचा तर तो चवीत नाही, मुळाशी आहे. मातीतल्या व्हर्टिसिलियम बुरशीला ही जात फार लवकर बळी पडते, झाडं वाळतात. मैलोन्‌मैल एकच जात असलेल्या हाएनमध्ये हा धोका मोठा आहे. नवी लागवड करताना आधी माती तपासणं आणि रोगाला तोंड देणाऱ्या जाती जोडीला लावणं, हे तिथे आता टाळता येण्यासारखं नाही.