गावाचे राज्य आणि बाईचा हक्क



गावाचा कारभार गावाच्या हाती द्या म्हटले, की एक प्रश्न हमखास येतो : मग बायांचे काय? रूढीच्या नावाखाली गाव त्यांना दाबणार नाही कशावरून? प्रश्न खरा आहे. विचारणाऱ्याचा हेतू नेहमीच खरा असतो असे नाही. मेक्सिकोतल्या आदिवासी बायांनी त्याला उत्तर दिले, ते आज आपण पाहू.

मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास प्रांत. तिथले माया आदिवासी मका पिकवतात. आपली ज्वारी तसा त्यांचा मका. १९९२ साली सरकारने घटना बदलून सामाईक जमिनींची विक्री मोकळी केली. १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा करार लागू झाला आणि अनुदानावर पोसलेल्या अमेरिकी मक्याला दार उघडले. त्याच दिवशी झापाटिस्टांनी उठाव केला.

उठावाची बातमी जगभर गेली. पण त्याआधीच, १९९३ साली, त्यांच्यातल्या बायांनी संघटनेकडून दहा कलमांचा महिला कायदा मंजूर करून घेतला होता. लग्नाची जबरदस्ती नाही. मुले किती, ते बाई ठरवील. मजुरी रास्त. गावकारभारात निवडून येण्याचा हक्क. मारहाण करणाऱ्याला शिक्षा. दारूबंदीसाठीही बायाच अडून बसल्या. सगळे पुरुष खूष होते असे समजू नका!

२८ मार्च २००१ ला स्वायत्ततेच्या विधेयकावर मेक्सिकोच्या संसदेत मुख्य भाषण केले ते कमांडर एस्थर या आदिवासी बाईने. विरोधक म्हणत होते, स्वायत्तता दिली तर बायांवरचा अन्याय कायम होईल. एस्थरने घरातले काही झाकले नाही. मुलगी झाली की तिला किंमत नाही, मनाविरुद्ध लग्न, मारहाण. जमिनीवर हक्क पुरुषाचाच. पण हे सारे आजच्या कायद्यातच चालले आहे ना? कुठली चाल ठेवायची, कुठली टाकायची, ते आमचे आम्हाला कळते, असा तिचा रोख होता. म्हणजे गावाचा हक्क आधी की बाईचा, ही निवडच तिने नाकारली.

संसदेने त्या वर्षी कात्री लावलेला कायदा केला. झापाटिस्टांनी तो फेटाळला आणि आपल्या भागात आपला कारभार चालू ठेवला.

आपल्याकडे निंदण बाईचे, कापसाची वेचणी बाईची. सातबारा कोणाच्या नावे, ते प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. बायकोचे नाव लावण्याच्या अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना घेऊन जा.