रोजचं कोडं: काही युक्त्या आणि एक विनंती

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला विषय विचारला तेव्हा मी नेहमीप्रमाणे 'तारखात्यातल्या आठवणी' असं सांगितलं. समितीतल्या मुली म्हणाल्या, 'काका, ते मागच्या वर्षी झालं. त्याच्या आधीच्या वर्षीही झालं. त्यापेक्षा तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर ते हिरवे-पिवळे चौकोन टाकता ना, ते कसं जमतं ते सांगा.' म्हणून आज हा विषय. युक्त्या सांगून झाल्यावर शेवटी एक विनंती करणार आहे. ती ऐकल्याशिवाय कुणी प्रसादाला उठू नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्डल नावाचा इंग्रजी शब्दांचा खेळ आहे. पाच अक्षरी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्नांत. आपण एक शब्द भरला की प्रत्येक अक्षराला रंग येतो. हिरवा म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर शब्दात आहे, पण या जागी नाही. करडा म्हणजे हे अक्षर नाहीच. दिवसाला एकच कोडं, आणि साऱ्या जगाला तेच. जॉश वॉर्डल नावाच्या संगणक अभियंत्याने हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला. तिला शब्दकोड्यांची आवड. २०२१ च्या ऑक्टोबरात तो लोकांसाठी खुला झाला. त्या १ नोव्हेंबरला जगात फक्त ९० माणसं तो खेळत होती. दोन महिन्यांत तीन लाखांवर गेली. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, किंमत सात आकडी डॉलरमध्ये. बायकोला साडी घेण्याऐवजी खेळ बनवून द्यावा हे आम्हाला कधी सुचलं नाही, असं आमच्या सौ. म्हणतात.

आता युक्त्या.

पहिली युक्ती पहिल्या शब्दाची. इथे माझी जुनी नोकरी उपयोगी पडली. मोर्सच्या लिपीत 'ई' म्हणजे एक टिंब, 'टी' म्हणजे एक रेघ. आणि 'क्यू'? रेघ, रेघ, टिंब, रेघ. जे अक्षर जास्त लागतं त्याची खूण छोटी, जे क्वचित लागतं त्याची मोठी. ही लिपी रचताना छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवतात ते पाहिलं होतं, असं सांगतात. म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा येतं हे माझ्या बोटांना चाळीस वर्षांपूर्वीच पाठ होतं. पण सुरुवातीला मी या ज्ञानानेच फसलो. तारेत 'टी' आणि 'एच' भारंभार, कारण इंग्रजी वाक्यात 'द' आणि 'दॅट' हे शब्द पावलोपावली येतात. वर्डलमध्ये वाक्य नसतं, सुटा पाच अक्षरी शब्द असतो. तिथे सगळ्यात जास्त लागणारी अक्षरं म्हणजे ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन. ही नऊ लक्षात ठेवा.

बऱ्याच जणी 'अडिउ' हा शब्द आधी टाकतात, कारण त्यात चार स्वर आहेत. वाईट नाही, पण स्वर कळून फार काही कळत नाही. ई तर निम्म्या शब्दांत असतो! शब्दाची ओळख पटते ती व्यंजनांवरून. मी रोज 'स्लेट' टाकतो. आपली पाटीच ती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी संगणकावर गणित मांडून 'सॅलेट' हा सर्वोत्तम पहिला शब्द ठरवला. ते जुन्या काळातलं एक शिरस्त्राण. अक्षरं पाहाल तर पाटीचीच, फक्त जागा वेगळ्या. आणि पाटी कोरी राहिली, म्हणजे एकही अक्षर लागलं नाही, तर मी दुसरा शब्द टाकतो 'कॉर्नी': सी, ओ, आर, एन, वाय. दोन प्रयत्नांत दहा वेगळी अक्षरं तपासून होतात. नऊपैकी फक्त 'आय' राहतो.

दुसरी युक्ती. पिवळ्या अक्षराचा अपमान करू नका. पिवळा चौकोन दोन गोष्टी सांगतो: मी आहे, आणि मी इथे नाही. आपण पहिली ऐकतो, दुसरी विसरतो आणि पुन्हा त्याच जागी तेच अक्षर टाकतो. आमच्या घरी हे रोज होतं. कोण करतं ते सांगत नाही.

तिसरी युक्ती, दोनदा येणाऱ्या अक्षराची. समजा तुम्ही 'एल्डर' टाकलं, ई-एल-डी-ई-आर. त्यात एका 'ई'ला रंग आला आणि दुसरा करडा राहिला, तर घाबरू नका. त्याचा अर्थ शब्दात 'ई' एकच आहे. तीही बातमीच आहे. उलट, शब्द कुठेच जुळत नसेल तर एखादं अक्षर दोनदा आलं असेल का, हे पाहायचं. माणूस पाचही अक्षरं वेगळी आहेत असं उगाच धरून चालतो.

चौथी युक्ती सर्वांत महत्त्वाची, कारण मोठमोठे तिथे पडतात. शेवटची चार अक्षरं हिरवी झाली: आय, जी, एच, टी. आपल्याला वाटतं, जिंकलो! मग आपण टाकतो लाइट. नाही. नाइट. नाही. फाइट, माइट, राइट, साइट, टाइट, आणि एट म्हणजे आठ. आठ शब्द झाले, आणि हातात प्रयत्न चार. एकेक करून गेलात तर नशिबाचा खेळ. अशा वेळी मुद्दाम चुकीचा शब्द टाकायचा. 'फिल्म्स' टाका. तो उत्तर नाही हे आपल्याला माहीत आहे. पण त्यात एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एका फटक्यात तपासली जातात. त्यातलं एक रंगलं की शब्द सापडला. नाही रंगलं तर उरले चार. मग 'एंटर' टाका. पहिला ई हिरवा झाला तर आठ, एन रंगला तर रात्र, आर रंगला तर उजवा, यातलं काहीच नाही तर टाइट. पुढच्या प्रयत्नात उत्तर नक्की. एक पाऊल मागे घेतलं की पुढची वाट दिसते. मात्र सेटिंगमध्ये 'हार्ड मोड' चालू असेल तर हे करता येत नाही. तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात.

पाचवी युक्ती. खेळ अमेरिकन आहे. आपण शाळेत शिकलो त्या स्पेलिंगमध्ये 'कलर'ला 'यू' आहे, तिकडे नाही. म्हणून कलर, ऑनर, ह्यूमर हे तिकडे पाच अक्षरी आहेत. आणि नुसता एस लावून केलेलं अनेकवचन सहसा उत्तर नसतं. तपासायला वापरा, उत्तर म्हणून थांबू नका.

दुसरा खेळ 'कनेक्शन्स', २०२३ पासूनचा. सोळा शब्द देतात, त्यांचे चार-चारचे चार गट पाडायचे. चार चुका झाल्या की खेळ संपला. यात घाई करणारा बुडतो. मी आपलं मराठी उदाहरण देतो. समजा शब्द आहेत: तेल, तूप, साखर, गूळ, डाळ, मीठ, पुरण, खवा. पहिल्या नजरेला वाटतं, वाण्याची यादी! पण यादीत बसणारे शब्द मोजा. तेल, तूप, साखर, गूळ, डाळ, मीठ, सहा झाले. गट तर चारचाच हवा. म्हणजे दोन जण दुसऱ्या घरचे आहेत. मग जे कुठेच बसत नाहीत त्यांच्याकडे बघायचं. पुरण आणि खवा. त्यांच्यापुढे काय येतं? पोळी! पुरणपोळी, खवापोळी, गूळपोळी, तेलपोळी. सुटलं. नियम असा: सोप्या गटात चारापेक्षा जास्त शब्द बसत असतील तर तो गट आधी लावू नका. आणि शब्द मोठ्याने म्हणा. डोळ्यांना न दिसलेलं कानाला सापडतं. जांभळ्या रंगाचा गट सर्वांत अवघड असतो आणि तो बहुधा असाच, शब्दाच्या पुढे-मागे काहीतरी जोडण्याचा असतो.

आपल्या मराठी शब्दकोड्याबद्दलही दोन वाक्यं. आता तीही मोबाइलवर येतात. इथे चौकोनात इंग्रजीसारखं सुटं अक्षर नसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट अख्खं अक्षर असतं. 'पुस्तक'चे चौकोन तीन: पु, स्त, क. त्यामुळे उभा-आडवा शब्द जिथे छेदतो तिथली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, इथपर्यंत दोन्हीकडे जमलं पाहिजे. सूचना क्रियेची असेल, 'रागावणे', 'पळून जाणे' अशी, तर उत्तराच्या शेवटच्या चौकोनात 'णे' पेन्सिलने लिहून टाका. एक अक्षर फुकट मिळालं.

युक्त्या संपल्या. आता विनंती. त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. जिची गोष्ट आहे तिची परवानगी घेतली आहे, त्या समोरच खुर्चीवर बसल्या आहेत.

सी विंगच्या चौथ्या मजल्यावर आपल्या बाई राहतात. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. एकट्या असतात, मुलगी परदेशात. आमच्या कोड्याच्या ग्रुपवर पहिला निकाल बाईंचा, सकाळी सव्वासातच्या आत. बहुतेक तीन प्रयत्नांत. मी दुसरा किंवा तिसरा.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बाईंचे चौकोन आले नाहीत. आठ वाजता माझ्या ते लक्षात आलं. शब्द त्या दिवशी अवघड होता. मला वाटलं, बाईंचे सहाही प्रयत्न फुकट गेले आणि लाजेने त्यांनी टाकलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'बाई, आज नापास काय?' चार जणांनी हसरे चेहरे टाकले. बाईंचं उत्तर नाही. दहाच्या सुमारास कामाला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली. दार उघडलं नाही, बाई बाहेर गेल्या असतील म्हणून त्या पुढच्या घरी गेल्या. अकरा वाजता शेजारच्या वहिनींना राहवलं नाही, त्यांच्याकडे किल्ली होती. बाई सकाळी सहापासून बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन बाहेर टेबलावर, त्यावर माझा तो विनोद.

बाई मला काही बोलल्या नाहीत. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तर म्हणाल्या, 'त्या दिवशीचा शब्द काय होता हो?' पण मला आजही चैन नाही. मी तारखात्यात नोकरी केलेला माणूस. समोरच्या ठाण्याकडून पोच आली नाही तर आम्ही काय करायचो? तिकडचा माणूस रुसला असेल असं म्हणायचो का? लाइन तुटली असेल असं धरून तपास करायचो. मला आठ वाजता कळलं होतं आणि मी तीन तास चेष्टा करत बसलो.

नंतर नातीने मला एक बातमी दाखवली. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत शिकागोजवळ ऐंशी वर्षांच्या एका बाईंच्या घरात रात्री माणूस घुसला आणि त्याने त्यांना तळघरात कोंडून ठेवलं. दूर सिअ‍ॅटलला राहणाऱ्या मुलीला रोज आईचा वर्डलचा निकाल यायचा. तो आला नाही, म्हणून तिला शंका आली, पोलीस गेले आणि आई सुखरूप सुटली. त्या मुलीने हजारो मैलांवरून जे ओळखलं, ते मी दोन विंग पलीकडून ओळखूनही ओळखलं नाही.

म्हणून आम्ही अकरा जणांनी एक साधी व्यवस्था केली आहे. सकाळी नऊच्या आत प्रत्येकाची खूण ग्रुपवर आली पाहिजे. साडेनऊपर्यंत नाही आली तर फोन. फोन उचलला नाही तर बेल. आणि प्रत्येकाची एक किल्ली शेजारी. एकदा फजितीही झाली. ए विंगचे एक काका न सांगता अक्कलकोटला गेले आणि आम्ही तिघं त्यांच्या बंद दारावर धडका देत होतो. काका रागावले. पण आता एसटीत बसल्यावर आधी खूण टाकतात.

माझी विनंती एवढीच. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा चाळिशीत आलेली माणसं आज पासष्टीच्या पुढे आहेत, आणि बऱ्याच घरांत आता एकच कप चहा होतो. त्या सर्वांनी या ग्रुपमध्ये यावं. इंग्रजी येत नसेल तर मराठी कोडं घ्या. कोडं नको असेल तर नुसतं एक टिंब टाका. मोर्सच्या लिपीत ते पूर्ण अक्षर आहे, आमच्या ग्रुपवर तो पूर्ण निरोप आहे. आणि तरुण मंडळींनो, तुमचं काम एकच: कुणाचं टिंब आलं नाही तर विनोद करू नका, जिना चढा.

बाई आता काठी घेऊन चालतात. आज सकाळी त्यांना शब्द दोन प्रयत्नांत सुटला, मला पाच लागले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'तारमास्तर, आज काठावर पास.' एवढं चालेल.

ज्यांचं कोडं अजून राहिलं आहे त्यांना शब्द सांगू नका. बाईंच्या मुलीकडे तर अजून दिवस सुरू व्हायचा आहे.

गणपती बाप्पा मोरया! प्रसाद तयार आहे.