पाण्याखालचा श्वास

(प्रौढ साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आपला सोलापूर जिल्हा कोरडवाहू. आपल्याकडे पाणी म्हणजे आधी पिण्याचे, मग गुराढोरांचे, मग पिकाचे. गंमत म्हणून पाण्यात उतरायचे ते फक्त विहिरीत. लहानपणी थोरल्यांनी आपल्या पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधला आणि विहिरीत ढकलून दिले. नाकातोंडात पाणी गेले. आठ दिवसांत हातपाय मारता यायला लागले. मग मुटके मारणे, सूर मारणे, तळाचा दगड वर आणणे अशा पैजा सुरू झाल्या. ज्याचा दम मोठा तो गडी मोठा!

आज आम्ही तुम्हाला एका वेगळ्या बुडीची हकीकत सांगणार आहोत. ही बुडी समुद्रातली. तिला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी घ्यायची आणि पाण्याखाली श्वास घेत फिरायचे. तिथे दम मोठा असून उपयोग नाही. तिथे दम धरायचाच नसतो. असे का, हेच आज समजून घेऊ.

आम्ही मालवणला गेलो

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण मालवणला गेलो. एक शेतकरी दादा, पोहण्यात पटाईत. एक काका, त्यांचा जन्म यंत्रमागावर गेलेला. एक अंगणवाडीच्या ताई, त्या गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरल्या नव्हत्या. आणि वर्ग चालवणारे आम्ही दोघे. मिरज, कोल्हापूर करत गेलो, फोंडाघाट उतरलो, कणकवलीवरून मालवण गाठले.

मालवणच्या समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. कुरटे नावाच्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. त्या किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, खडकांवर पोवळी आहेत, पोवळ्यांत रंगीत मासे आहेत. १९८७ साली सरकारने इथला समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते, तेव्हा हे काम बंद असते. हिवाळ्यात पाणी नितळ असते.

आधी कागद, मग पाणी

पाण्यात उतरण्याआधी आमच्या हातात एक कागद आला. त्यावर प्रश्न होते. दमा आहे का? कानाचे दुखणे आहे का? हृदयाचा विकार? फिट येते का? नुकतेच ऑपरेशन झाले आहे का? सर्दी आहे का? बाई असल्यास, दिवस गेले आहेत का? खाली सहीची जागा होती.

काकांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दम्यापाशी त्यांचे बोट थांबले. थंडी पडली की काकांची छाती भरते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते.

दादा म्हणाला, “काका, ‘नाही’ लिवा की. कोण बघतंय? एवढं पैसं मोडून आलाव.”

काका म्हणाले, “बघणारं कोण नाही रे. पण छाती माझी हाय.” आणि त्यांनी ‘होय’ लिहिले.

शिक्षकाने कागद पाहिला. तो म्हणाला, “काका, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी तुम्हाला खाली नेणार नाही. खरे लिहिलेत, फार बरे केलेत.” मग त्याने कारण सांगितले. दम्याच्या माणसाच्या छातीतल्या नळ्या अचानक आवळतात. आत गेलेली हवा अडकून बसते. जमिनीवर याचा त्रास होतो, पाण्याखाली यात जीव जातो.

काका होडीत बसून राहिले. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता, हे खोटे कशाला सांगू? पण मंडळी, हे लक्षात घ्या. पूर्वी वाचता येत नसे म्हणून लोक अंगठा देत. आता आपण सही करतो. पण न वाचता केलेली सही ही अंगठ्यासारखीच. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगावे. त्यात लाज नाही.

अंगावरचे सामान

आम्हा चौघांना रबरी अंगरखा मिळाला. कमरेला शिशाचा पट्टा बांधला, कारण माणूस पाण्यावर तरंगतो, त्याला खाली जायला वजन लागते. डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा काचेचा चष्मा मिळाला. अंगात हवेची बंडी घातली. तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, हवा सोडली की खाली जातो. आणि फवारणीचा पंप घेतो तशी पाठीवर टाकी.

पुष्कळांना वाटते की टाकीत नुसता प्राणवायू असतो. तसे नाही. टाकीत आपली नेहमीचीच हवा असते. तिच्यात प्राणवायू सुमारे पाचवा हिस्सा. फक्त ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. ट्रकच्या टायरात जेवढ्या दाबाने हवा भरतात, त्याच्या पंचवीस-तीस पट दाबाने! टाकी दिसते एवढीशी, पण तिच्यातली हवा मोकळी केली तर २०० लिटरची दहा पिंपे भरतील.

टाकीतून एक नळी तोंडाशी येते. तिच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो दातांत धरायचा. आपण श्वास ओढला की हवा येते, सोडला की बुडबुडे होऊन बाहेर जाते. ही युक्ती १९४३ साली फ्रान्समध्ये निघाली. कुस्तो नावाचा आरमारी अधिकारी आणि गान्यां नावाचा इंजिनियर, या दोघांनी ती काढली. तेव्हा महायुद्ध चालू होते. पेट्रोल मिळेना, म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवत. मोटारीला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्यां यांनी केली होती. तीच सुधारून त्यांनी माणसाच्या तोंडाशी आणली.

श्वास का धरायचा नाही?

शिक्षकाने आधी आम्हाला किनाऱ्याजवळ कमरभर पाण्यात नेले. तोंडात नळी धरून पाण्यात डोके घालायला सांगितले. ताईंनी डोके घातले आणि सांगितल्याप्रमाणे सावकाश श्वास घेऊ लागल्या. दादाने डोके घातले, आणि त्याचे बुडबुडेच येईनात! सवयीने त्याने दम धरला होता.

शिक्षकाने त्याला वर काढले. तो म्हणाला, “दादा, तुम्ही पट्टीचे पोहणारे आहात. म्हणूनच मला तुमची जास्त काळजी.”

दादा म्हणाला, “विहिरीत तर दम धरूनच जावं लागतंय की.”

त्यावर शिक्षकाने जे सांगितले, ते नीट ऐका. पाणी जड असते. जितके खोल जावे तितके ते चहूबाजूंनी दाबते. ३३ फुटांवर, म्हणजे आपल्या विहिरीच्या मापाने पाच-सहा परसांवर, दाब वरच्या दुप्पट होतो. हवेचा फुगा वरून ३३ फूट खाली नेला तर तो निम्मा होतो. परत वर आणला तर होता तेवढा होतो.

विहिरीत बुडी मारणारा हवा वरून घेऊन जातो. त्याची छाती खाली आवळते, वर आल्यावर पहिल्यासारखी होते. त्याला धोका फुगण्याचा नाही. पण स्कूबावाला हवा खालीच घेतो. टाकी त्याला खालच्या दाबाची हवा देते. समजा, ३३ फुटांवर त्याने छाती भरून घेतली, तोंड मिटले आणि तसाच वर आला. मग ती हवा दुप्पट व्हायला बघते. छातीत तेवढी जागा कुठे आहे? फुप्फुस फाटते. यासाठी फार खोलही जावे लागत नाही. पूर्ण भरलेल्या छातीने चार-पाच फुटांवरून वर येतानाही असे होऊ शकते.

म्हणून पहिला नियम हा: श्वास चालू ठेवायचा. कधीही धरायचा नाही. घाबरून झटकन वर यायचे नाही.

काका काठावरून ऐकत होते. ते ओरडून म्हणाले, “अरे, मागावरचा धोटा कसा जातो-येतो? एक जाणं, एक येणं. मधी थांबला की सूत तुटतंय!” दादाला ते पटले. तिसऱ्या खेपेला त्याचे बुडबुडे सुरळीत येऊ लागले.

इथे एक धोक्याची सूचना. आपली पोरे पपईचा पोकळ देठ नाहीतर पाण्याचा पाइप तोंडात धरून विहिरीत खाली बसायला बघतात. हे करू देऊ नका. हातभर खोलीच्या खाली पाणी छाती असे दाबते की वरची हवा ओढवतच नाही. शिवाय सोडलेली वाईट हवा लांब पाइपात तशीच राहते आणि तीच परत छातीत येते. टाकीची हवा चालते, कारण ती पाण्याच्या दाबाला तोडीस तोड दाबाने येते.

कान आणि अंगठा

पाण्याचा दाब कानालाही कळतो. घाट उतरताना कान बंद होतात ना, तसेच, पण जास्त. उपाय सोपा आहे. चष्म्यावरून नाक चिमटीत धरायचे आणि हळूच नाकाने फुंकायचे. कान ‘टक्’ होऊन मोकळे होतात. दर दोन-तीन फुटांना असे करायचे. दुखेपर्यंत थांबायचे नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यायचे. सर्दीत कान उघडत नाहीत, म्हणून सर्दी असेल त्या दिवशी जायचेच नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही. सगळे हाताच्या खुणांनी. आपण एरवी ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. तिथे वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर न्या’! ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि पहिले बोट जुळवून गोल करायचा. पंजा आडवा धरून डुलवला तर ‘काहीतरी बिघडले आहे’. ह्या तीन खुणा आम्ही घोकून पाठ केल्या.

खाली काय पाहिले

मग होडीने किल्ल्याजवळ गेलो. एका माणसामागे एक शिक्षक. तो टाकीला धरून बरोबर असतो, हात सोडत नाही.

पहिला मिनिटभर जीव घाबरा झाला. डोक्यावर पाणी, खाली पाणी, आणि कानात आपल्याच श्वासाचा लोहाराच्या भात्यासारखा आवाज. मन म्हणत होते, वर चल. आम्ही श्वास मोजायला लागलो. आत, बाहेर. आत, बाहेर. दहा-बारा श्वासांत भीती ओसरली.

वीस-बावीस फुटांवर तळ लागला. खडकांवर पोवळी होती. पोवळे हा दगड वाटतो, पण ते हजारो बारीक जिवांचे घर असते. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे थव्याने आले आणि आमच्या बोटांमधून निघून गेले. काचेच्या चष्म्यातून पाण्यात सगळे मोठे आणि जवळ दिसते. वीतभर मासा चांगला लांबलचक वाटतो! लाल रंग मात्र फिका पडतो, कारण पाणी उजेडातला लाल रंग आधी शोषून घेते.

ताईंनी पोवळ्याकडे हात नेला तर शिक्षकाने मान हलवली. पोवळ्याला हात लावायचा नाही, तोडायचे नाही. ते फार सावकाश वाढते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

अर्ध्या वाटेवर दादाचा कान दुखू लागला. त्याने पंजा डुलवला. शिक्षकाने त्याला थोडे वर घेतले, कान मोकळा केला, पुन्हा खाली आणले. एरवीचा दादा ‘काही होत नाही’ म्हणून पुढे रेटणारा. त्या दिवशी त्याने हात डुलवला, म्हणून त्याचा कान वाचला.

वर येताना सावकाश आलो, श्वास सोडत, आपल्याच बुडबुड्यांच्या मागून. काकांनी हात देऊन एकेकाला होडीत घेतले. ताई म्हणाल्या, “काका, माशांची शाळा भरली होती हो!” काका हसले. म्हणाले, “सांग, सांग. बसून ऐकतो.” घरी पोचेपर्यंत आम्ही त्यांना सांगतच होतो.

तुम्ही गेलात तर

मालवणला जाण्याचा योग आला तर ह्या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. पैसे देण्याआधी विचारा: शिक्षकाचे प्रशिक्षण झाले आहे का? दाखला आहे का? एका माणसामागे एक शिक्षक आहे ना?

२. आधी उथळ पाण्यात सराव मागा. घाई करणाऱ्याबरोबर जाऊ नका.

३. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट घाला, आणि होडीत गर्दी असेल तर बसू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. बुडी नीट झाली म्हणजे सगळे झाले असे नाही.

४. दारू पिऊन पाण्यात उतरू नका.

५. त्या दिवशी मालवणातच मुक्काम करा. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. एकदम उंचावर गेले तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. उथळ बुडीत धोका थोडा, पण नियम पाळावा. आपले सोलापूर समुद्रापेक्षा सुमारे दीड हजार फूट उंच आहे, आणि वाटेतला घाट त्याहून उंच. म्हणून आम्ही रात्र तिथे काढली आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

६. भीती वाटली, कान दुखला, दम लागला, तर खूण करा. ‘लोक काय म्हणतील’ हे पाण्याखाली मनात आणू नका.

आमच्यातल्या तिघांना पोहता येत होते, ताईंना येत नव्हते. तरी सर्वांत निवांत त्याच फिरल्या, कारण सांगितलेले त्यांनी ऐकले. आणि खाली न उतरलेले काका तितकेच शहाणे, कारण वाचलेले त्यांनी मानले. तुमच्यापैकी कोणाला जायचे असेल त्याने वर्ग सुटल्यावर थांबावे. तो प्रश्नांचा कागद आम्ही फळ्यावर लिहून देतो. घरी नेऊन घरच्या माणसांबरोबर वाचा, आणि मगच निघायचे ठरवा.