लहान घर : घेणे, दुरुस्त करणे आणि भाड्याने देणे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शाळेत गणित शिकविते. चिटणीसांनी भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा मला वाटले, विषय शिक्षणाचा असेल. परंतु त्यांनी पत्रात लिहिले, “लहान घरांत पैसा कसा गुंतवावा, हे आमच्या सभासदांना सांगा.” मी याकूतपुऱ्यात एक जुने घर विकत घेतले, एवढे त्यांच्या कानावर होते. त्या घराने मला काय काय शिकविले, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ते आज आपणांपुढे मांडणार आहे. त्यात शहाणपणापेक्षा चुका अधिक आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी मराठवाड्यातून येथे आली. १९५६ पर्यंत उदगीर, नांदेड, परभणी यांची राजधानी हैदराबादच होती. नोकरीसाठी आलेली माणसे येथेच राहिली. त्यांच्या मुलांना आता निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती येते, आणि घरातील प्रत्येकजण एकच सल्ला देतो : “घर घ्या, भाडे येत राहील.” हा सल्ला वाईट नाही. पण तो अर्धाच आहे.

घर घेण्याची पहिली पायरी जागा पाहणे ही नव्हे. कागद पाहणे ही होय. स्थावर मिळकतीची शंभर रुपयांवरील विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा याविषयी स्पष्ट आहेत. तरीही जुन्या शहरात कित्येक घरे नोटरीच्या कागदावर हातोहात फिरत आली आहेत. दलाल म्हणतो, “सगळे असेच घेतात.” मुखत्यारपत्र आणि विक्रीचा करार एवढ्यावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून ठेवले आहे. सगळे घेतात म्हणून खड्डा बुजत नाही.

दुसरा कागद बोजा प्रमाणपत्राचा, ज्यास आपण सारे ‘ईसी’ म्हणतो. तो जरूर काढावा. पण त्यात फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात, हे ध्यानात ठेवावे. आम्हां मुसलमानांत तोंडी हिबा करता येतो. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा घेतला, की दान पुरे होते. त्याची नोंद ईसीत सापडणार नाही. वारसांचे हक्क सापडणार नाहीत. जागा वक्फची आहे काय, हेही त्यावरून कळेलच असे नाही. त्यासाठी राजपत्रात छापलेली वक्फची यादी आणि नोंदणी कार्यालयातील निषिद्ध मिळकतींची यादी, दोन्ही पाहावयास हव्यात. वक्फची जागा विकत घेणाऱ्याचे पैसे जातात आणि ज्या गोरगरिबांसाठी ती ठेवली त्यांचेही जाते.

तिसरी चौकशी पाण्याची. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुराची कहाणी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. त्यानंतर १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. तरीही ऑक्टोबर २०२० च्या पावसात शहराच्या दक्षिणेकडील कित्येक वसाहतींतून दिवसेंदिवस पाणी उतरले नाही. तलावाच्या पोटात घर बांधले तर तलाव कधी ना कधी आपली जागा मागतो. २०२४ पासून ‘हैड्रा’ या सरकारी यंत्रणेने तलावांवरील अतिक्रमणे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा हातात नोंदणीकृत दस्त असलेली माणसेही रस्त्यावर उभी राहिलेली आपण पाहिली. म्हणून घर उन्हाळ्यात पाहिले असेल तरी पावसाळ्यात एकदा पुन्हा पाहावे, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे, “पाणी कुठवर येते?” तो भिंतीवर बोट ठेवून दाखवितो.

आता माझ्या घराकडे वळते. साठ चौरस गजांचे, खाली एक आणि वर एक असे दोन बिऱ्हाडांचे घर. दगडचुन्याच्या भिंती, लोखंडी गर्डरांवर विटांच्या कमानींचे छत, खाली शहाबादी फरशी. २०१७ साली किंमत ठरली अठरा लाख. विकणारे दोघे भाऊ होते. मी दलालाला विचारले, “बहिणी किती?” तो हसला. “एक आहे, नांदेडला दिलेली. तिने तोंडी हक्क सोडला आहे,” असे म्हणाला, आणि हे उत्तर त्याने माझ्याकडे न पाहता माझ्या यजमानांकडे पाहून दिले.

मी नांदेडला गेले. त्या बाईंना घर विकले जात आहे हेच माहीत नव्हते. “कुणी विचारलेच नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. वडिलांच्या घरात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हे आमच्या शास्त्रात लिहिलेले आहे. हिंदू भगिनींना २००५ च्या दुरुस्तीने बरोबरीचा वाटा मिळाला आहे. कायदे वेगळे, पण न विचारण्याची रीत दोन्हीकडे एकच. माझ्या स्वतःच्या माहेरी कोऱ्या कागदावर माझी सही घेतली गेली होती, म्हणून मला हा प्रश्न सुचला, नाही तर सुचलाही नसता. व्यवहार चार महिने लांबला. बाईंचा वाटा त्यांना मिळाला, त्यांनी दस्तावर सही केली, आणि मी बिनघोर झाले. या गोष्टीबद्दल मला आजही समाधान वाटते.

पुढची गोष्ट समाधानाची नाही.

घराच्या खालच्या भिंतींना ओल होती. विटा-दगडांवर पांढरी पूड सुटत होती, म्हणजे लोणा लागला होता. ठेकेदार म्हणाला, “सिमेंटचा गिलावा करतो, वर पुट्टी आणि डिस्टेंपर, नव्यासारखे होईल.” मी विचारले, “ओल जाईल?” तो म्हणाला, “दिसणार नाही.” बंधुभगिनींनो, मी गणिताची शिक्षिका आहे. ‘जाईल’ आणि ‘दिसणार नाही’ यांतील फरक मला कळत होता. तरी मी होकार दिला, कारण पैसे संपत आले होते आणि भाडे लवकर सुरू व्हावयास हवे होते. एप्रिलमध्ये रंग झाला. दाराशी टू-लेटची पाटी लागली. मे महिन्यात एक विधवा बाई, शिलाई करून पोट भरणारी, सासू आणि मुलासह खाली राहावयास आली. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, किती छान रंग आहे. मी काही बोलले नाही.

मुलगा माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात आला. त्याला दमा होता. जुलैमध्ये पावसाने जोर धरला, आणि माझ्याच हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी गैरहजेरीच्या खुणा करू लागले. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग आठवडा. भेटावयास गेले, तो भिंतीचा गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगून आला होता आणि खोलीत बुरशीचा वास कोंदला होता. बाईने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “टीचर, आपकू मालूम था क्या?”

मला माहीत होते.

लहानपणी मदरशात ऐकलेली एक गोष्ट मला त्या क्षणी आठवली. पैगंबरसाहेब बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वर धान्य कोरडे, आत ओले. त्यांनी विक्रेत्याला विचारले, हे ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. ही गोष्ट मी स्वतः मुलांना कितीदा सांगितली आहे. माझ्या भिंतीचेही तेच झाले होते.

मी त्या कुटुंबाला वरच्या कोरड्या बिऱ्हाडात, तेव्हा रिकाम्या असलेल्या, त्याच भाड्यात हलविले, दोन महिन्यांचे भाडे परत केले आणि खालचे घर बंद केले. मग एका वृद्ध गवंड्याला बोलाविले. त्याने सांगितले ते आपण सर्वांनी लिहून ठेवावे असे आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल तिच्यातून बाहेर पडून वाळते. तिच्यावर सिमेंट चढविले म्हणजे तिचे नाक दाबल्यासारखे होते. ओल बाहेर पडावयास वाट शोधीत आणखी वर चढते आणि क्षार गिलाव्याला आतून फोडतात. त्याने दुसरे कारणही दाखविले. गल्लीत रस्त्यावर रस्ता घालीत गेल्यामुळे उंबरठा रस्त्याहून खाली गेला होता, आणि गच्चीची पन्हळ नेमकी भिंतीच्या पायाशी पाणी ओतीत होती. आम्ही सिमेंट खरवडले, पन्हळ लांब नेली, बाहेरच्या बाजूने नाली केली, उन्हाळाभर भिंत उघडी वाळू दिली आणि मग घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा केला. रंगही चुन्याचाच. पहिली दुरुस्ती १,६०,००० रुपयांची होती. दुसरीला १,३०,००० लागले. आधी खरे कारण शोधले असते तर पहिला खर्च जवळजवळ वाचला असता.

आता हिशोब. किंमत १८,००,०००. त्यावेळच्या दराने मुद्रांक व नोंदणी सहा टक्के, म्हणजे १,०८,०००. दलाली आणि वकील ४२,०००. दुरुस्ती २,९०,०००. एकूण २२,४०,०००. दोन्ही बिऱ्हाडांचे भाडे आज मिळून महिना १०,०००, वर्षाचे १,२०,०००. त्यातून वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहते असे धरून १०,००० वजा, घरपट्टी, पाणी, किरकोळ दुरुस्ती २२,००० वजा. उरले ८८,०००. म्हणजे शेकडा चारापेक्षा किंचित कमीच. जे दलाल बारा टक्के सांगतात ते पुढे कधीतरी होणाऱ्या विक्रीची किंमत आजच्या भाड्यात मिळवून सांगतात. जागेची किंमत वाढेलही, पण तो भरवसा भाड्याच्या रकान्यात लिहू नये.

भाड्याने देताना मी आता पाटीखाली एक कागद लावते. त्यावर घराचे गुण दोन ओळींत आणि उणिवा चार ओळींत असतात. गल्लीत मोटार येत नाही. नळ एक दिवसाआड येतो. खालच्या खोलीत चार वाजल्यानंतर दिवा लावावा लागतो. भिंतीला पूर्वी ओल होती, काय केले ते असे. यजमान म्हणाले, “हे वाचून कोण येईल?” पहिल्या आठवड्यात दोघे परत गेले हे खरे. तिसरे आले ते अजून राहत आहेत. ज्याला उणीव आधी कळते तो सहा महिन्यांनी घर सोडून जात नाही, आणि रिकाम्या महिन्याचा तोटा वाचतो. खरे बोलण्याचा हा व्यवहारी लाभ आहे. लाभ नसता तरी बोलावयास हवेच होते.

अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये, भाड्याची पावती द्यावी, करार लेखी करावा. अकरा महिन्यांहून अधिक मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी करावी. आणि एक विनंती. पाटीवर ‘फक्त अमुकांनाच’ असे लिहू नका, आणि नाव विचारून झाल्यावर ‘घर आताच गेले’ असेही म्हणू नका. तो प्रसंग माझ्यावर आलेला आहे. तो येथे सांगत नाही. माणसाने भाडे वेळेवर द्यावे आणि घर नीट ठेवावे, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

हे सर्व मी ट्रस्टपुढे का बोलले? १८६५ साली लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल नावाच्या एका शिक्षिकेने जॉन रस्किन यांच्या पैशातून मोडकळीस आलेली तीन घरे घेतली, दुरुस्त केली आणि गरिबांना भाड्याने दिली. पैसे घालणाराला शेकडा पाच मिळत. दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवलेली असे. मोडतोड कमी झाली तर उरलेल्या पैशांत कोणती सुधारणा करावयाची, हे भाडेकरू ठरवीत. धर्मादाय आणि व्यवहार यांत वैर नाही, हे तिने दाखविले.

आपल्या सुवर्णमहोत्सवी निधीतून अशा एका जुन्या घराची खरेदी व्हावी, अशी माझी सूचना आहे. ते चुन्याने दुरुस्त व्हावे, आणि आपल्यातील एखाद्या निराधार भगिनीला किंवा गावाहून शिकावयास आलेल्या मुलांना रास्त भाड्याने मिळावे. शेकडा चार मिळाले तरी ते शिष्यवृत्तीला उपयोगी पडतील. तसेच महिन्यातून एक संध्याकाळ ट्रस्टच्या कचेरीत एखाद्या जाणत्या वकिलाने बसावे, आणि घर घेणाऱ्या सभासदांनी पैसे देण्यापूर्वी आपले कागद तेथे आणावेत. कागद तपासताना पहिला प्रश्न “बहिणी किती?” हा असावा.

तो मुलगा आता बारावी झाला आहे. त्याची आई वरच्याच बिऱ्हाडात आहे. मागच्या पावसाळ्यात ती खाली येऊन भिंतीवर हात ठेवून गेली आणि म्हणाली, “सूखी है.” मला मिळालेल्या भाड्यात त्या दोन शब्दांची रक्कम मी सर्वांत वर लिहिते.