आईचे मौन

श्रोतेहो, गवयाने काय मिळविले हे आपण हौसेने सांगतो. त्याच्यासाठी कोणी काय सोडले, हे सांगावयाचे राहून जाते. म्हणून गंगूबाई हानगल यांच्या उमेदवारीची हकीकत सांगताना मी आरंभ त्यांच्या मातोश्रींपासून करतो.

गंगूबाईंचा जन्म १९१३ साली धारवाडात झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीतातील जाणत्या गायिका. मुलीचा ओढा मात्र हिंदुस्तानी गायकीकडे. दोन्ही पद्धतींत स्वर लावण्याची रीतच निराळी. आपल्या गाण्याची छाया मुलीच्या गळ्यावर पडू नये, म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणेच थांबविले!

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गंगूबाईंनी महात्माजींसमोर स्वागतगीत गायिले. पण आपल्या जातीमुळे जेवणानंतर आपणांस पत्रावळी उचलावयास लावतील की काय, अशी धास्ती त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होती. पुढे १९२८ साली तिच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हुबळीस आले. तेथे कृष्णाचार्य हुलगूर व दत्तोपंत देसाई यांची तालीम मिळाली. १९३२ साली अंबाबाई निवर्तल्या.

खरी कसोटी पुढेच होती. सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, नाटकाच्या धकाधकीतून मोकळे होऊन कुंदगोळास राहू लागले, तेव्हा गंगूबाई हुबळीहून आगगाडीने तेथे जाऊ लागल्या. घरी मुले, संसाराचा भार गाण्याच्या मिळकतीवर. गुरुजींची शिकविण्याची रीत संथ. एकच स्वरसमूह मनासारखा उतरेपर्यंत पुनःपुन्हा घोटून घ्यावयाचा. चिजांची संख्या वाढविण्याची घाई तेथे नव्हतीच. रात्री परतताना तेथेच शिकणारे तरुण भीमसेन जोशी त्यांना स्थानकापर्यंत सोबत करीत.

पुढे घशाच्या विकारानंतर गंगूबाईंचा आवाज पालटला. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांतील उंच, नाजूक स्वर जाऊन भरदार, पुरुषी वाटणारा आवाज आला. दुसरी एखादी खचली असती. परंतु त्यांची विद्या आवाजाच्या गोडव्यावर उभी नव्हती. स्वर सावकाश, एकेक पायरी चढत वाढविण्याच्या शिस्तीवर उभी होती. म्हणूनच तो नवा आवाज हीच त्यांची ओळख ठरली. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ साली हुबळीत त्यांनी देह ठेवला.

गंगूबाईंची ध्वनिमुद्रिका ऐकताना, श्रोतेहो, त्यांच्या गुरूंचे स्मरण आपणांस होतेच. त्या स्वरामागे एका आईचे मौनही आहे, तेही क्षणभर आठवावे.