डुकरांची साथ

मंडळी, डुक्कर म्हटले की काहीजण नाक मुरडतात. मुरडोत बापडे! ज्याच्या दारात दोन माद्या आहेत त्याला विचारा. पोरांच्या वह्या, म्हातारीचे औषध, सारे त्यांच्यावरच निघते. म्हणून आज आम्ही डुकरांच्या एका साथीविषयी बोलणार आहोत.

या रोगाला आफ्रिकी डुक्करज्वर म्हणतात. १९२१ साली आफ्रिकेतील केनिया देशातून त्याची पहिली माहिती आली. आपल्या देशात तो २०२० साली आला, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात. तिथे मेलेली डुकरे ब्रह्मपुत्रेतून वाहत आली. काझीरंगाच्या जंगलातल्या रानडुकरांना लागण होऊ नये म्हणून खंदक खणावा लागला.

रोग झाला की डुक्कर खाणे सोडते. अंग तापते. कानांवर, पोटावर लाल-निळे डाग उठतात. आठवडाभरात बहुतेक डुकरे मरतात. औषध नाही. दवाखान्यात डुक्करज्वराची लस मिळते, ती दुसऱ्या ज्वराची. ती जरूर टोचून घ्या. पण या रोगावर ती चालत नाही.

माणसाला हा रोग होत नाही बरं का! पण पसरवतो माणूसच. हॉटेलातले, लग्नातले खरकटे फुकट मिळते, म्हणून आपण ते डुकरांना घालतो. त्यात रोगट डुकराच्या मटणाचा एक तुकडा आला की झाले! मटण सुकवले, बर्फात ठेवले, तरी त्यातला विषाणू महिनोन्‌महिने मरत नाही. खरकटे अर्धा तास खदखदा उकळा, ढवळत राहा. जळण नसेल तर घालूच नका.

आता अवघड गोष्ट. डुक्कर उद्या मरेल, म्हणून मालक ते आजच विकतो. आम्ही त्याला लबाड म्हणत नाही. पोट कुणाला चुकले आहे? पण डुकराबरोबर रोगही टेंपोत चढतो. टेंपो पुढच्या वस्तीवर थांबतो, आणि तिथे आपल्याच बहिणीचे घर असते.

तेव्हा विकू नका. गुरांच्या दवाखान्यात कळवा. आसामातले नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा रोग कळला. रोग ठरला की एक किलोमीटरच्या आतली सारी डुकरे मारतात, धडधाकटसुद्धा. ऐकून पोटात गोळा येतो, खरे आहे. सरकार भरपाई देते, ती अशा मारलेल्या डुकरांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणून पहिल्याच दिवशी कळवावे. पैसे हाती पडायला वेळ लागतो, हेही आम्ही लपवत नाही.

मेलेले डुक्कर खोल पुरा, वर चुना टाका. ओढ्यात टाकू नका. बाजारातून आणलेले पिलू महिनाभर वेगळे ठेवा.

आणि दवाखान्याचा फोन नंबर आजच घरच्या भिंतीवर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.