औषधदानाला ज्ञानदानाची जोड
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



पन्नास वर्षे अखंड सेवा करणाऱ्या संस्थेच्या या मंगल सोहळ्यात बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही दानाची चार रूपे आपण बालपणापासून ऐकत आलो. जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात त्यांपैकी औषध आणि ज्ञान ही दोन एकत्र आणावीत, एवढेच मला आज सुचवायचे आहे.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या डोंगराळ भागाकडे वळले. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर घरीच प्रसूत झालेल्या मातेची जुळी बालके गेली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला रस्त्याअभावी डोलीतून न्यावे लागले. रस्ता व्हायलाच हवा. परंतु रस्ता होईपर्यंत आणि झाल्यावरही मातेजवळ सर्वप्रथम पोहोचणाऱ्या नर्सताईला काय येते, यावर दोन जीव अवलंबून असतात.

या बाबतीत बेळगावचा अनुभव मार्गदर्शक आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने ग्रामीण भागातील १,६२० मातांचा अभ्यास केला. प्रशिक्षित नर्सताईंनी बाळ जन्मताच निम्म्या मातांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२ टक्के, तर औषध घेतलेल्या गटात ६.४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाला ना सुई लागते, ना शीतपेटी.

पुढे त्याच परिसरात प्रसूती करणाऱ्या ५९९ कर्मचाऱ्यांना 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हे प्रशिक्षण मिळाले. बाळ कोरडे करणे, ऊब देणे आणि ते श्वास घेत नसल्यास पहिल्याच मिनिटात पिशवी व मुखवट्याने श्वास देणे, इतके ते साधे आहे. २०१३ च्या अहवालानुसार प्रसूतीच्या वेळी दगावून मृत जन्मणाऱ्या बालकांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूंत मात्र फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जन्मानंतरच्या दिवसांसाठी घरोघरी काळजी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षित करून ते करून दाखविले आणि २०११ पासून देशभरातील आशाताईंकडे ते काम आले.

मग आपण काय करावे? प्रथम जिल्हा परिषदेच्या संमतीने आरोग्यकेंद्रात जाऊन तेथील नर्सताईंनाच त्यांची गरज विचारावी. परदेशातील तज्ज्ञ आले, तर त्यांनी एका शिबिरात सर्वांना शिकवून परत न जाता, येथलेच प्रशिक्षक तयार करावेत. सरावाचा बाहुला केंद्रातच राहावा आणि सराव नियमित व्हावा, कारण न वापरलेले कौशल्य विसरले जाते.

हिशेबाचेही भान हवे. विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसता परदेशी देणगी स्वीकारता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते आणि दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, परदेशातून विद्या घ्यावी. खर्च समाजाने उचलावा.

बंधू-भगिनींनो, इमारतीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. नर्सताईच्या हातातील कौशल्यावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी असे एक बिननावाचे दान आपल्या हातून घडावे, एवढी प्रार्थना करून मी थांबतो. जय जिनेंद्र!